फोटोंची पेटी पुस्तकासारखी उघडली तर?

तुमच्याही घरी असा एक डबा असेल. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र अर्धं पुसलेलं. आत जुने फोटो, दोन-चार इनलँड पत्रं, कुणाची तरी मॅट्रिकची मार्कशीट आणि का ठेवलीय ते कुणालाच माहीत नाही अशी एक लग्नपत्रिका. आमच्याकडे इंदूरला हा डबा आजीच्या कपाटाच्या वर होता. दर दिवाळीला साफसफाईत खाली यायचा, फडक्याने पुसला जायचा आणि न उघडताच परत वर जायचा.

यंदा मी विचारलं, "आजी, तू उघडत का नाहीस हा डबा?"

"उघडला की एकेक कोपरा मोडतो गं," ती म्हणाली. "त्यापेक्षा राहू दे बंद."

ते खरंच होतं. तिच्या लग्नातला मोठा ग्रुप फोटो डब्याहून मोठा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण 30 सेंटिमीटर लांब आणि 25 रुंद. कुणीतरी कधीतरी तो वाकवून बसवलेला. काढायचा तर कडेने नख घालून उचकटावा लागतो. दर वेळच्या त्या उचकटण्यात पुठ्ठ्याला एक तडा गेला आणि तो आता पणजीच्या चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर येऊन थांबलाय. पणजीचा आमच्याकडे हा एकच फोटो आहे.

त्याहून मोठी अडचण वेगळी होती. त्या फोटोत चाळीसेक माणसं आहेत. त्यांची नावं फक्त आजीला माहीत, आणि आजी 84 वर्षांची आहे. डबा बंद राहिला तर फोटो टिकतील कदाचित, पण ती माणसं कोण होती हे कुणालाच कळणार नाही.

म्हणून या वेळच्या लेखात तुम्हाला एक पेटी करायला सांगणार आहे. पुस्तकासारखी उघडणारी, चपट्या वस्तूंसाठी. दोन वेळा चुकून तिसऱ्या वेळी जमलीय, त्यामुळे चुकाही सांगते.

उघडते कशी, हेच महत्त्वाचं

आपण पेटी घेतो तेव्हा ती बंद कशी दिसते ते बघतो. चपट्या वस्तूंच्या बाबतीत मात्र ती उघडल्यावर काय होतं ते आधी बघायला हवं. चारी बाजूंनी भिंत असलेल्या डब्यातून कागद काढायचा तर तो वाकवावाच लागतो. बोट खाली जायला जागाच नसते.

यावर उपाय फार जुना आहे. डॅनियल सोलँडर नावाचा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ होता, प्रसिद्ध लिनियसचा विद्यार्थी. 1768 ते 1771 या काळात तो कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावरून जगप्रवास करून आला आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करत होता. कागद आणि नमुने ठेवायला त्याने पुस्तकाच्या आकाराची, बिजागरीने उघडणारी पेटी वापरात आणली असं मानतात. आजही संग्रहालयांत चित्रं आणि छापील कागद ठेवायच्या अशा पेटीला 'सोलँडर बॉक्स' म्हणतात.

तिचाच एक सोपा प्रकार पुस्तक बांधणारे करतात. दोन ट्रे, एक जरासा लहान, एक जरासा मोठा. दोन्हींना तीनच भिंती. चौथी बाजू, म्हणजे पाठीकडची, मोकळी. दोन्ही ट्रे एका जाड मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेले. बंद केलं की मोठा ट्रे लहान ट्रेवर टोपीसारखा बसतो. उघडलं की पाठ टेबलावर सपाट पडते आणि तुमच्यासमोर शेजारी शेजारी दोन ट्रे येतात. मोकळ्या बाजूने फोटोखाली तळहात सरकवा, उचला, बघा आणि दुसऱ्या ट्रेत ठेवा. नख लावायची वेळच येत नाही.

आधी वस्तू मोजा

मी उत्साहात थेट पुठ्ठा कापायला बसले. पहिली पेटी इतकी घट्ट झाली की मोठा ट्रे लहान ट्रेवर बसेचना. कापडाची जाडी मी धरलीच नव्हती. पट्टीवर अर्धा मिलिमीटर दिसतही नाही, पण कापड दोन बाजूंनी दोनदा येतं आणि पेटी अडते.

मग आमच्या खजुरी बाजारात गेले. इंदूरला पुस्तकं आणि स्टेशनरी घ्यायची तर तिकडेच. तिथल्या एका म्हाताऱ्या बाइंडरचाचांना माझी फसलेली पेटी दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, छोटा वाला पूरा बना लो, कपड़ा चढ़ा लो, फिर बड़ा नापो." एवढंच. मोठ्या ट्रेचं माप कागदावर ठरवायचंच नाही. लहान ट्रे पूर्ण करून, कापड चढवून, वाळल्यावर तो मोजायचा.

माझी मापं देते, तुम्ही तुमच्या वस्तूप्रमाणे बदला. सगळ्यात मोठा फोटो 300 × 250 मिमी. प्रत्येक बाजूला 3 मिमी मोकळी जागा धरली, म्हणजे आतलं माप 306 × 256. पुठ्ठा 2 मिमी जाडीचा. भिंती तळावर उभ्या करायच्या, म्हणून तळ 310 × 258. लांबीत दोन भिंतींची जाडी वाढते, रुंदीत एकाच भिंतीची, कारण पाठीकडे भिंत नाही. (इथे मी पहिल्यांदा चार मिमी वाढवले होते. तुम्हीही वाढवाल, म्हणून सांगून ठेवते.) खोलीसाठी सगळे फोटो त्यांच्या पाकिटांसह एकावर एक ठेवून गठ्ठा मोजा. माझा 34 मिमी भरला, भिंत 38 ची केली. गठ्ठा 5-6 सेंटिमीटरच्या वर जात असेल तर दोन पेट्या करा. खालच्या फोटोंवर भार पडतो आणि हात घालताना वरचे घसरतात.

लहान ट्रे तयार झाला की त्याच्या बाहेरच्या लांबीत 3 मिमी आणि रुंदीत 2 मिमी मिळवा. ते मोठ्या ट्रेचं आतलं माप. मोठ्याच्या भिंतीची उंची लहान ट्रेच्या एकूण उंचीहून 1 मिमी जास्त.

पुठ्ठा कापताना धारदार कटर आणि स्टीलची पट्टी घ्या. एकाच दणक्यात कापायला जाऊ नका, हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा. पुठ्ठ्यालाही लाकडासारखा धागा असतो. दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेने सहज गोल होतो तो धागा पाठीला समांतर ठेवा. उलटा ठेवला तर गोंद वाळल्यावर झाकण पापडासारखं वळतं. आणि बाहेरून कापड लावलं की आतून कागदही लावा. एकाच बाजूला चिकटवलं की पुठ्ठा त्या बाजूला ओढला जातो.

सांधा

माझी दुसरी पेटी फसली ती इथे. ट्रे एकदम छान बसले, पण झाकण पूर्ण बंद होईना. सतत जांभई दिल्यासारखं उघडं.

मुखपृष्ठ म्हणजे तीन पुठ्ठे. वरचा, खालचा आणि मध्ये उभी पाठ. हे तिघे एकाच कापडावर चिकटवायचे आणि मधल्या दोन फटींत नुसतं कापड. ती फट हीच बिजागरी. मी फट 2 मिमी ठेवली, पुठ्ठ्याच्या जाडीएवढी. पण पुठ्ठा काटकोनात वळतो तेव्हा त्याच्या कडेला फिरायला जागा लागते, शिवाय आतून लावलेलं कापडही त्याच फटीत बसतं. 2 मिमी पुठ्ठ्याला 5 मिमी फट बरोबर जमली. फार मोठी ठेवली तर झाकण ढिलं होऊन डुलतं.

तुमचं माप तपासायला सोपा मार्ग आहे. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे नको, खऱ्या पुठ्ठ्याचेच दोन तुकडे घ्या, मास्किंग टेपने वेगवेगळ्या फटी ठेवून जोडा आणि उघडबंद करून बघा. दहा मिनिटं जातात, पण अख्खं कापड वाया जात नाही.

पाठीची रुंदी म्हणजे तयार मोठ्या ट्रेची एकूण उंची. इथेही कागदावरचा हिशेब नको, ट्रे मोजा. वरखालचे पुठ्ठे मोठ्या ट्रेपेक्षा तीन बाजूंनी 3-3 मिमी मोठे ठेवा. सांध्यात आतून कापडाची पट्टी लावताना ती चमच्याच्या दांड्याने फटीत नीट दाबून बसवा. वर नुसती ताणली तर पहिल्याच वळणाला सुटते.

कापड सुती आणि घट्ट विणीचं हवं. बाइंडिंगचं कापड मिळालं तर उत्तम. मी आजीच्या जुन्या इंदुरी साडीचा तुकडा वापरायला निघाले होते, तिनेच हाणून पाडलं. "उद्या फोटो बघायला येणारे साडीवरच बोलत बसतील," म्हणाली. शिवाय पातळ कापडातून गोंद वर येतो, हेही खरं.

जोडताना लहान ट्रे आधी खालच्या पुठ्ठ्याला चिकटवा, मोकळी बाजू पाठीच्या कडेला बरोबर लावून. तो वाळला की मोठा ट्रे त्याच्यावर टोपीसारखा ठेवा, त्याच्या पाठीवर गोंद लावा आणि वरचं झाकण त्यावर बंद करा. ट्रे आपोआप योग्य जागी चिकटतो, मोजायची गरज नाही. वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. हीसुद्धा चाचांचीच युक्ती.

आत काय घालाल, काय नाही

बाजारातला करडा पुठ्ठा आम्लयुक्त असतो आणि आम्लाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून आत जो कागद लावाल तो आम्लरहित असं लिहिलेला बघून घ्या, आणि प्रत्येक फोटो अशाच कागदाच्या पाकिटात ठेवा. वास येणारं मऊ प्लास्टिक नको. छोटे फोटो मोठ्या पेटीत इकडेतिकडे घसरतात, त्यांच्यासाठी कागदाची घडी घालून पेटीच्याच मापाची पाकिटं करा.

डांबरगोळ्या आत टाकू नका, त्यांची वाफ बंद पेटीत कोंडते. पेटी वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूही नका, पावसाळ्यात आत दमट हवा अडकून बुरशी येते. माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. कपाटातला मधला खण बरा, आणि पेटी आडवीच.

फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. तसेच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, इंटॅक या संस्थेचीही काही शहरांत आहेत. आणि कृपा करून लॅमिनेशन नको. गरम चिकटपट्टी एकदा फोटोवर बसली की पुन्हा निघत नाही. आमच्या एका काकांची पदवी अशीच कायमची बुडबुड्यांत अडकलीय.

पेटी झाली, पण नावांचं काय? फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं तर पुढे उमटतं, शाई पसरतेही. मऊ पेन्सिलीने एका कोपऱ्यात फक्त क्रमांक लिहा, 1, 2, 3 असे. क्रमांकासमोर नावं एका वेगळ्या कागदावर, आणि तो कागद पेटीतच सगळ्यांत वर. ग्रुप फोटोसाठी मी फोनवरचा फोटो मोठा छापला आणि प्रत्येक डोक्यावर आकडा घातला. मूळ फोटोवर बोटं ठेवायची गरज उरली नाही.

मागच्या रविवारी दुपारी पेटी पहिल्यांदा आजीसमोर उघडली. तिने एकेक फोटो उचलून, बघून दुसऱ्या ट्रेत ठेवायला सुरुवात केली. मोठा फोटो तिच्या तळहातावर आला, अजिबात न वाकता. पणजीजवळचा तडा तिथेच आहे, पुढे सरकलेला नाही. चाळीसपैकी एकोणतीस नावं झाली. चहा झाल्यावर तिचे डोळे दुखायला लागले, तेव्हा थांबलो. उरलेली या रविवारी. आकडा 17 चा एक उंच माणूस मात्र तिला आठवत नाहीये, मुलाकडचा की मुलीकडचा तेही नाही. ग्वाल्हेरच्या मावशीला व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. तिने दोन निळ्या टिक दाखवल्यात, उत्तर अजून यायचंय.