कोरें पान

हिमाचल प्रदेशांतील स्पितीच्या खोऱ्यांत उन्हाळाभर हिमबिबट्याचा माग काढून माझी कन्या परवां घरीं आली. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले. पाटावर बसतांच मीं विचारलें, "किती पाहिलेस?"

"एकही नाहीं, अण्णा."

मग तिनें नोंदवही पुढें केली. पावलांचे ठसे, विष्ठा, भरल नांवाच्या रानमेंढ्यांचे कळप, सारें तारीखवार. मधून मधून मात्र एवढेंच : 'आज कांहीं आढळलें नाहीं.'

"हीं पानें कशास ठेविलींस?"

"तीं गाळलीं तर गणतीच खोटी ठरेल."

२०१९ ते २०२३ या काळांत हिमालयांत या प्राण्याची गणती झाली. १,९७१ ठिकाणीं स्वयंचलित कॅमेरे लाविले होते. अंगावरील ठिपक्यांवरून २४१ निरनिराळे हिमबिबटे ओळखतां आले, आणि त्यांवरून देशांतील एकूण संख्या ७१८ अंदाजली गेली. कोठें दिसला याबरोबरच कोठें दिसला नाहीं, हेंही प्रामाणिकपणें लिहिल्यावांचून असा हिशोब मांडतां येत नाहीं.

ऐकून मी ओशाळलों. एका विद्यार्थ्यानें निरीक्षणाच्या वहींत 'पक्षी दिसला नाहीं' असें लिहिलें, म्हणून मीं त्यास शून्य गुण दिले होते. पुस्तकांतून वर्णन उतरविणाऱ्यांस मात्र आठ! भाट्ट मीमांसक 'अनुपलब्धि' हें सहावें प्रमाण मानतात. एखादी वस्तु तेथें नाहीं, हें ज्ञान तिच्या न दिसण्यानेंच होतें. हें मला मुखोद्गत होतें. त्या मुलाच्या वहींत मात्र तें मला ओळखतां आलें नाहीं.