व्याख्यानाने बाटली फुटत नाही

कॉलेजे उघडली की व्यसनमुक्तीची व्याख्याने सुरू होतात. मंडप, हार, पाहुणे आणि शेवटी शपथ! शपथेला वर झालेल्या हातांपैकी किती हात रात्री पेल्याला लागतात, ते कोणी मोजीत नाही. आम्ही शाळामास्तर, अशी भाषणे आम्हीही पुष्कळ झोडली आहेत. आमच्या हाताखाली शिकून शहरच्या बोर्डिंगात गेलेला एका सुताराचा मुलगा दोन वर्षांत दारूपायी शिक्षण सोडून परत आला. दारू वाईट हे त्यास ठाऊक नव्हते काय? आमचे भाषण त्यास तोंडपाठ होते!

अमेरिकेतील कॉलेजांत हेच दुखणे मोठे आहे व तेथे उपायांची कसून परीक्षा झाली आहे. तेथील सरकारी मद्यसंशोधन संस्थेने २०१५ साली अनेक उपाय तोलून पाहिले. त्यांत नुसती माहिती देणे निरुपयोगी ठरले. उलट, सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लट व त्यांच्या सोबत्यांनी निराळी रीत काढली. मुलास एकट्यास बसवावे. तो किती पितो, केव्हा पितो, त्यापायी काय काय नुकसान झाले, हे त्याच्याकडूनच टिपून घ्यावे. पुढील भेटीत तो हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. शिवी नाही, उपदेश नाही; निर्णय त्याचा. अशा दोन बैठकांनी फार पिणाऱ्या मुलांचे नुकसान घटले.

त्या हिशेबात आणखी एक रकम असते. पर्किन्स व बर्कोविट्झ यांनी १९८६ साली दाखविले की, सोबत्यांना पिणे जितके पसंत आहे असे विद्यार्थी समजतात, तितके ते त्यांना पसंत नसते. 'सगळेच पितात' या खोट्या समजुतीपायी लाजरा मुलगाही पेला उचलतो. खरा आकडा दाखविला की भ्रम उतरतो.

पण हे औषध रामबाण नव्हे. त्याचा गुण बेताचाच येतो व काही महिन्यांत ओसरतो. एकदा खुरपून शेत वर्षभर स्वच्छ राहते काय? म्हणून पहिल्या सहामाहीतच हे काम सुरू करावे व पुन्हा पुन्हा करावे.

आणि बोर्डिंगाच्या तोंडाशी दुकान असेल तर एकट्या मुलाने किती झगडावे? जोतीराव फुले यांनी १८८० सालीच पुण्यातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध म्युनिसिपालिटीकडे तक्रार केली होती. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीने १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. आजही निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी बाटली आडवी केली तर गावचे दुकान बंद होते. मुलाशी बोलणे आणि दुकान हटविणे ही एका गाडीची दोन चाके आहेत.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, पोटाला चिमटा घेऊन तुम्ही फी भरता. कॉलेजात गेलात तर व्याख्याने किती झाली हे विचारू नका. माझ्या मुलाजवळ एकांतात कोण बसते, हे विचारा. आणि दिवाळीस तो घरी आला, तोंडास वास आला, तर काठी उचलण्याआधी त्याच्याजवळ बसा. त्या सुताराच्या मुलाजवळ कोणीच बसले नाही, आम्हीही नाही.