उंची थांबली तर पोट तपासा

चंदगडच्या पावसाळ्यात मुलाचे पोट बिघडले, तर कोणाला नवल वाटत नाही. गढूळ पाणी, जंत, उघड्यावरचे खाणे ही कारणे ठरलेली आणि बहुतेक मुले आठवडाभरात बरीही होतात. प्रश्न आहे तो बरे न होणाऱ्या थोड्या मुलांचा.

त्यातल्या काहींना आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार, म्हणजे ‘आयबीडी’ असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’मध्ये मोठ्या आतड्याला जखमा होऊन शौचातून रक्त पडते; घरचे लगेच घाबरतात व दवाखाना गाठतात. ‘क्रोन्स’ मात्र लपून राहतो. अनेकदा जुलाब नसतातच. पोट अधूनमधून दुखते, भूक मंदावते, तोंड वारंवार येते, रक्त कमी होते, सांधे दुखतात, गुदद्वाराजवळ गळू होते. काही मुलांत तर कितीतरी महिने एकच खूण दिसते, ती म्हणजे उंची वाढत नाही. ‘आमच्या घरात सगळेच बुटके’ म्हणून ती सोडून दिली जाते.

हा उशीर महागात पडतो. सततचा दाह वाढीच्या संप्रेरकांचे काम अडवतो, वयात येणे लांबते. हाडांची वाढ एकदा पूर्ण झाली की हुकलेली उंची परत मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, आतड्याचा क्षय. तो बहुधा क्रोन्सच्याच जागी, लहान आतड्याच्या शेवटी होतो आणि दुर्बिणीतूनही सारखाच दिसू शकतो. क्षय असताना स्टेरॉइड दिले तर तो बळावतो. क्रोन्सवर क्षयाच्या गोळ्या चालवल्या तर महिने वाया जातात. म्हणून अंदाजाने औषध नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून शाळकरी मुलांची उंची व वजन मोजले जाते. पण वहीतला आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिला, तरच त्याचा उपयोग. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढते. वाढ 4 सेंटीमीटरहून कमी असेल, चार आठवडे उलटूनही पोटदुखी किंवा जुलाब थांबत नसतील, मूल रात्री झोपेतून शौचाला उठत असेल, तर आधी हिमोग्लोबिन, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या आणि कॅल्प्रोटेक्टिन ही शौचाची तपासणी करावी. त्यात दोष निघाला, तर बेळगाव किंवा कोल्हापूरच्या बालरोगतज्ज्ञाकडे जाणे टाळू नये. रोजंदारीवरच्या घराला तो दिवस जड जातो. म्हणूनच कोणी जायचे हे गावातच ठरले पाहिजे.

उपचार आहेत. क्रोन्सच्या अनेक मुलांत सहा ते आठ आठवडे केवळ विशेष द्रव आहार दिल्याने, स्टेरॉइडशिवाय, दाह आटोक्यात येतो व वजन वाढू लागते. त्यासाठी आजार वेळेत सापडला पाहिजे, आणि त्याची सुरुवात शाळेतल्या उंचीच्या पट्टीपासून होऊ शकते.