पूर्वीची ऊब स्वस्त होती म्हणे!

गेल्या महिन्यात लंचच्या टेबलावर हीट पंपावरून चांगलाच वाद रंगला. इंग्लंडमध्ये लोक हवेवर बोलतात हे इथे येण्याआधीच ऐकलं होतं, पण घर गरम करण्यावर तावातावाने बोलतात हे नवीनच. आमच्या टीममधले साठी ओलांडलेले एक गृहस्थ म्हणाले, "१९७० साली वडिलांनी अख्ख्या घराला सेंट्रल हीटिंग बसवलं, अडीचशे पौंडांत. सरकारकडून एक पेनी घेतली नाही. आणि आता मला सांगतात, तेरा हजारांचा पंप घ्या!"

हा सूर आपल्या ओळखीचा आहे. प्रत्येक लग्नघरात एक काका असतात, जे १९७० साली सोनं दहा ग्रॅमला दोनशेच्या आत होतं हे सांगितल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. काकांचा आकडा बरोबरच असतो. त्यांचा तेव्हाचा पगार मात्र ते सांगत नाहीत.

तर मंडळी, एक अख्खा विकांत मी हे अडीचशे पौंड नक्की किती, हे शोधण्यात घालवला. (बायकोच्या मते याहून चांगले छंद असतात. असो.)

गूगलून पहिला मिळतो तो महागाईचा कॅल्क्युलेटर. इथल्या जुन्या आरपीआय निर्देशांकाने १९७० चे २५० पौंड २०२४ मध्ये साधारण पाच हजार दोनशे होतात. म्हणजे साहेब जिंकले! पण जरा थांबा. १९७० मध्ये कारखान्यात काम करणाऱ्या पुरुषाला आठवड्याला सत्तावीस पौंडांच्या आसपास पगार मिळायचा. म्हणजे अडीचशे पौंड हा नऊ आठवड्यांचा पगार झाला. २०२४ मध्ये पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याचा मध्यम पगार आठवड्याला ७२८ पौंड होता, त्याचे नऊ आठवडे केले की साडेसहा हजार. आता तिसरी फुटपट्टी लावा. तेव्हा सरासरी घर पाच हजार पौंडांच्या जवळपास मिळायचं, म्हणजे हीटिंग ही घराच्या किमतीच्या पाच टक्के. आज सरासरी घर पावणेतीन लाखांच्या आसपास आहे, पाच टक्के काढले तर साडेतेरा हजारांच्या वर जातं. एकाच रकमेची पाच हजार, साडेसहा हजार आणि साडेतेरा हजार अशी तीन उत्तरं! वादात ज्याला जी सोयीची, ती तो उचलतो.

मला यातली पगाराची फुटपट्टी जास्त प्रामाणिक वाटते, कारण बॉयलरचे पैसे शेवटी कुणाच्या तरी कामाच्या तासांतूनच जातात. घराच्या किमतीची फुटपट्टी जमिनीच्या भावामुळे फुगते, ती मी बाजूला ठेवतो, जरी ती माझ्या बाजूची असली तरी :)

पण खरी गंमत त्या अडीचशेत काय मिळायचं यात आहे. इथल्या घरांबद्दलच्या सरकारी आकडेवारीनुसार १९७० मध्ये जेमतेम पाव घरांत सेंट्रल हीटिंग होतं. बाकीच्यांकडे कोळशाची शेगडी, गॅस फायर नाहीतर रॉकेलचा हीटर, तोही बसायच्या खोलीत. ज्यांच्याकडे 'सेंट्रल' होतं त्यांच्यातही पार्शल आणि बॅकग्राउंड असे प्रकार होते: खाली दोन-तीन रेडिएटर, वर बेडरूममध्ये काही नाही. पार्कर मॉरिस समितीने १९६१ मध्ये नव्या घरांसाठी जे किमान मानक सुचवलं ते बघा. बाहेर उणे एक अंश असताना बसायची-जेवायची जागा १८ अंश, स्वयंपाकघर आणि येण्याजाण्याची जागा १३ अंश. बेडरूमचा त्या किमान मानकात पत्ताच नाही. आणि हे त्या काळातलं पुढारलेलं मानक होतं, म्युनिसिपालिटीच्या घरांना ते सक्तीचं व्हायला साठचं दशक संपत आलं.

त्याच आकडेवारीत मॉडेलवरून काढलेला एक अंदाज आहे. १९७० च्या हिवाळ्यात इथल्या घरांचं सरासरी आतलं तापमान १२ अंश होतं. बारा! महाबळेश्वरला थंडीत रात्री आपण बारा अंशांत कुडकुडतो आणि कौतुकाने फोटो काढतो. ही माणसं त्यात राहायची, अभ्यास करायची, तान्ही मुलं वाढवायची. खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरायचं हे तर इथला कुठलाही साठीचा माणूस हसत हसत सांगतो. २०११ पर्यंत ती सरासरी साडेसतराच्या वर गेली. म्हणजे 'तेव्हाची हीटिंग' आणि 'आताची हीटिंग' या एकाच वस्तूच्या दोन किमती नाहीतच.

आणि मजुरी? उघड्या शेगडीत कोळशाची तीन चतुर्थांश उष्णता धुराड्यातून वर जायची. उरलेल्या पावासाठी पहाटे उठून राख काढायची, कोळसा आत आणायचा, शेगडी पेटवायची. आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता, त्याची राख काढणं आणि तो चिंचेने घासणं हे काम कुणाचं होतं हे वेगळं सांगायला नको. इथेही तीच कथा. हा खर्च कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही, कारण त्याचे पैसे कुणी कधी दिलेच नाहीत.

आता 'एक पेनी घेतली नाही'कडे वळू. त्यांच्या वडिलांपुरतं ते खरं असेल, पण देशापुरतं अजिबात नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. तेव्हाच्या हिशेबाने चार हजार माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बारा हजारांपर्यंत जातो. त्यातून १९५६ चा क्लीन एअर अॅक्ट आला. धूरबंदीच्या भागात शेगडी बदलायची तर मान्य खर्चाच्या दहातले सात हिस्से सरकारी तिजोरीतून मिळायचे, चार केंद्राचे आणि तीन स्थानिक कौन्सिलचे. मग उत्तर समुद्रात नैसर्गिक गॅस सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सरकारी गॅस बोर्डांची माणसं घरोघरी गेली आणि एक कोटीच्या वर ग्राहकांची उपकरणं नव्या गॅससाठी बदलून दिली, ग्राहकाला बिल न लावता. आज हीट पंपाला इंग्लंड-वेल्समध्ये साडेसात हजार पौंडांचं अनुदान आहे (ऑक्टोबर २०२३ पासून) म्हणून 'फुकटेगिरी' असा शब्द वापरणाऱ्यांनी स्वतःच्या घरातल्या गॅसच्या पाइपाचा इतिहास वाचायला हरकत नाही. इथे घरातली ऊब प्रत्येक वेळी सगळ्यांच्या पैशांनी बदलली आहे.

हे सगळं मी सोमवारी त्यांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "ठीक आहे. पण माझं बिल कमी होणार का, तेवढं सांग." हा प्रश्न मात्र नेमका होता. इतका वेळ आपण बसवण्याच्या किमतीवर भांडत होतो, आणि बसवणं एकदाच असतं, बिल दर महिन्याला.

एप्रिल २०२५ च्या दरमर्यादेत वीज युनिटला सुमारे २७ पेन्स होती आणि गॅस ७ पेन्स, जवळपास चौपट फरक. ९० टक्के कार्यक्षम गॅस बॉयलरमधून एक युनिट उष्णता पावणेआठ पेन्सला पडते. पंप एका युनिट विजेतून तीन युनिट उष्णता काढत असेल तर तीच नऊ पेन्सला. साडेतीन काढत असेल तर पावणेआठच्या आत, म्हणजे जेमतेम बरोबरी. पंप साडेतीन काढेल की तीन, हे रेडिएटर किती मोठे, पाणी किती कोमट चालतं आणि बसवणारा किती जाणकार यावर ठरतं. विजेच्या बिलावर वर्षानुवर्षं चढवलेला धोरणांचा भार गॅसवर तितका नव्हता, हेही त्या चौपटीमागचं एक कारण आहे. सरकारला लोकांनी पंप घ्यावेत असं वाटत असेल तर अनुदानाआधी ही चौपट खाली आणायला हवी, असं माझं मत आहे. साहेबांनी अजून पंप घेतलेला नाही. पण रेडिएटरची मापं घेऊन ठेवली आहेत, आणि काल मला त्यांची एक्सेल शीट पाठवली.