काडी वळली, म्हणून पाणी लागेल?

बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटी रानात बोअर पाडायचा ठरला की आधी पाणाड्याला बोलावणे जाते. दोन्ही मुठींत लिंबाची बेचकी ताणून धरून तो बांधाबांधाने फिरतो. एका जागी बेचकी गर्रकन खाली वळते आणि तिथे चुन्याची फक्की पडते. शंका काढली की उत्तर तयार असते, ‘डोळ्यांनी बघितलं ना? मग हातच्या काकणाला आरसा कशाला?’

बेचकी वळली, हे कबूल. पण ताणलेली काडी मनगट नकळत जरासे हलले तरी उसळी घेते. डोळ्यांना दिसले ते वळणे. पाण्यामुळे वळली, ही जोड आपली. म्हणजे प्रत्यक्षाची शपथ घेणाराही अनुमानच करतो, फक्त ते तपासत नाही. 1990 साली जर्मनीत कासेल येथे 30 पाणाड्यांची परीक्षा झाली. पुरलेल्या नळातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. निकाल छापा-काट्याच्या पुढे सरकला नाही.

‘मग इतक्या जणांना पाणी लागलं कसं?’ लागलेल्या बोअरची कथा पंचक्रोशीत फिरते. कोरडा गेलेला फक्त कर्जाच्या हप्त्यात उरतो. एकच बाजू मोजली तर कोणताही हिशेब जमतो.

तरीही इंद्रिये फसवी आणि तर्क तेवढा खरा, हेही मान्य नाही. खुर्चीत बसून कातळातली भेग सापडत नाही. इथला बेसॉल्ट थराथरांचा आहे. पाणी त्याच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या मुरमात साठते. ते कळते विहिरीच्या कडेचे थर पाहून, बोअरची भुकटी चिमटीत चोळून. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षे मोजते, ती याचसाठी. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त झाडे आणि वारुळे पाहून पाण्याचा ठाव घेण्याचे नियम सांगितले. त्यातले सगळे खरे ठरतील असे नाही. पण नियम लिहिला की तो चार रानांत पडताळता येतो, चुकला तर टाकता येतो. बेचकी आपला नियमच सांगत नाही.

इंद्रिये साक्षीदार आहेत. उलटतपासणी आणि निकाल बुद्धीकडेच हवा. म्हणून शेतकरी बंधूंनो, गावातल्या कोरड्या बोअरची यादी आधी करा. मग पाणाड्याचे डोळे बांधून त्याला तेच रान पुन्हा फिरवा. फक्कीची जागा जुळली नाही, तर बोअरची गाडी माघारी धाडा.