बंडगार्डनचा आकडा

सोलापूर जिल्ह्यात बंडगार्डन ही बाग नाही, आकडा आहे. जुलै-ऑगस्टात करमाळा, माढा, पंढरपूर भागातल्या कुठल्याही टपरीवर पेपर उघडला की आधी तोच शोधतात. दौंड विसर्ग इतके क्युसेक, बंडगार्डन विसर्ग इतके क्युसेक. दौंडचा आकडा म्हणजे उजनीकडे निघालेलं पाणी, आणि बंडगार्डनचा म्हणजे त्यातला पुण्याच्या अंगचा वाटा. बंडगार्डन वाढलं की मागोमाग दौंड वाढणार, उजनी धरण 'मायनस'मधून 'प्लस'मध्ये येणार आणि मग यंदा उसाची लागण करायची की नाही याचा निकाल लागणार. पुणेकरांसाठी हा मायनसचा हिशोब सांगायला हवा. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. त्यामुळे धरणात डोळ्यांना पाणी दिसत असतं आणि कागदावर ते शून्याच्या खाली असतं.

मी या मायनस-प्लसमध्ये वाढले. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं, आम्ही नव्या गावठाणात आलो. तिथून लग्नानंतर मी थेट येरवड्याला, म्हणजे बंडगार्डनच्या समोरच्या काठावर. महापालिकेच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता सकाळी पूल ओलांडून बागेत जाते. इतकी वर्षं जो आकडा ऐकला त्याला झाडं आहेत, बाकडी आहेत आणि एक हास्यक्लब आहे, याची मला अजूनही गंमत वाटते.

बागेचं महापालिकेच्या दप्तरातलं नाव महात्मा गांधी उद्यान. ते नाव उगाच नाही. नदीपलीकडे गांधीजींना ठेवलं होतं तो येरवड्याचा तुरुंग आहे आणि थोडं पुढे आगाखान पॅलेस. १९४२ च्या ऑगस्टमध्ये महादेवभाई देसाई आणि १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा या पॅलेसमध्येच वारल्या. पण रिक्षावाल्याला महात्मा गांधी उद्यान म्हणून पाहा, तो तुम्हालाच पत्ता विचारेल.

ही बाग आहे, कारण तिच्याआधी बंधारा होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली आणि १८५० च्या सुमारास मुळा-मुठेवर तो दगडी बंधारा उभा राहिला. जे.जे. रुग्णालय आणि जे.जे. कलाशाळा ज्यांच्या नावाने आहे तेच हे जमशेटजी. त्यांचा पैसा चीनच्या व्यापारातला होता, त्यात कापूस होता तशी अफूही होती. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. इथे मुद्दा एवढाच की बंधारा पाण्यासाठी बांधला होता, लोकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी. पाणी अडलं, तुंबलं, रुंद झालं. काठावर गारवा आला, झाडं लागली, साहेबलोक संध्याकाळी बग्ग्यांतून हवा खायला येऊ लागले. शेजारच्या रस्त्याला बोट क्लब रोड म्हणतात तेही या तुंबलेल्या पाण्यामुळेच. १८६७ मध्ये बंधाऱ्याजवळ फिट्झगेराल्ड पूल झाला. त्याच्या कमानी दगडी, टोकांना दगडी सिंह. मुंबईच्या गव्हर्नरचं ते नाव आता कुणी घेत नाही, सगळे जुना पूल म्हणतात. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण झालं, कालव्याने पाणी कॅम्पात येऊ लागलं आणि बंधाऱ्याचं मूळ काम संपत गेलं. बाग तेवढी राहिली.

मला वाटतं, आपल्या नदीचं पुढे जे झालं त्याची सुरुवात इथेच आहे. पिण्याचं पाणी वरून कालव्याने यायला लागलं आणि शहराला या नदीचं पाणी प्यायची गरज उरली नाही. ज्या पाण्याला तोंड लावायचं नाही त्यात काय सोडलं, याची चौकशी कोण करणार?

बाग तशी लहान. रमतगमत फेरी मारली तरी फार वेळ लागत नाही. सकाळी चालणारे, मग हास्यक्लबवाले, त्यांच्यात एक काका हसण्याचा क्लब असूनही कायम चिडलेले असतात. दहानंतर जवळच्या दवाखान्यांतून पेशंटचे नातेवाईक येतात, सावलीत चादर टाकून झोपतात. दुपारी सुरक्षारक्षक डबा खातात. ताडीवाला रोडवरच्या बायका कामावरून परतताना घटकाभर टेकतात, चपला काढून पाय गवतावर ठेवतात. संध्याकाळी जोडपी. मी सगळ्यांच्या बाजूची आहे. सुशोभीकरण झालं की पहिली गदा चादर टाकून झोपणाऱ्यांवर येते, म्हणून या बागेचा थोडा विस्कटलेला अवतार मला आवडतो.

पण एक गोष्ट मी कितीदा तरी पाहिली आहे. बहुतेक माणसं नदीकडे पाठ करून बसतात. बाकांची तोंडं कुठेही असोत, माणूस वळून बसतो. वास हे एक कारण. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी माजते की नवख्या पोराला ते मैदान वाटावं. जलपर्णी नसली तर काळं पाणी आणि बंधाऱ्यावरून पडतं तिथे फेस. पक्षी मात्र असतात. शेकाट्या असतात, थंडीत परीट येतात, हळदीकुंकू बदकं दिसतात, घारी तर आहेतच. माझ्या एका विद्यार्थ्याने मला मोठ्या आनंदाने सांगितलं, "बाई, पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलंय." त्याला सांगावं लागलं की शेकाट्याला सांडपाण्याचं वावडं नाही. तिथल्या चिखलातले किडे हेच तर त्याचं जेवण.

आमचे आण्णा एकदा गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते. पट्टी निघाली आणि म्हणाले, "बंडगार्डन दाव मला." मे महिना होता. मी त्यांना फुलझाडं दाखवत होते, जुना पूल दाखवत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. "मोजत्यात कुठं?" एवढंच त्यांचं चाललेलं. शेवटी कठड्याशी उभे राहिले, नव्या डोळ्याने बराच वेळ खाली पाहिलं. म्हणाले, "हेच येतं व्हय आमच्याकडं?"

मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पावसाळा सरला की धरणांतलं पाणी कालव्यांतून आणि नळांतून जातं, नदीत सोडत नाहीत. मग बंडगार्डनपाशी जे वाहतं त्यात बहुतेक आपण घराघरांतून सोडलेलंच असतं, काही शुद्ध केलेलं, काही तसंच. मुठा पानशेत-वरसगाव-खडकवासल्याकडून येते, मुळा पिंपरी-चिंचवडकडून पवनेचं पाणी घेऊन येते, संगमावर दोघी भेटतात आणि या बंधाऱ्यावरून पुढे जातात. मुंढव्याला जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी उचलून शेतीसाठी कालव्यात टाकायची योजना आहे. राहिलेलं रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळतं, दौंडवरून उजनीत जातं. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. खाली पंढरपूरला त्याच भीमेला चंद्रभागा म्हणतात आणि आषाढीला लाखो माणसं तिच्यात बुडी मारतात. आपल्या बागेच्या कठड्याखालून जातं ते हे.

आता पुण्यात नदीकाठ सुधार प्रकल्प चालू आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि पहिल्या टप्प्यांत संगमवाडी ते बंडगार्डन हा पट्टा घेतला, म्हणजे अगदी आमच्या दारात. चालायला रुंद वाट, पायऱ्या, दगडी बांधकाम, दिवे. त्यासाठी झाडं जाणार म्हणून २०२३ मध्ये पुणेकरांनी चिपको आंदोलनही केलं. दुसऱ्या बाजूला जायका प्रकल्प आहे. जपानी कर्जातून ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रं व्हायची आहेत, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. त्या कर्जाचा करार २०१६ चा. ही केंद्रं काठाच्या फरसबंदीआधी पूर्ण चालू झालेली मला पाहायची होती. घरात पाहुणे येणार म्हणून ओसरी सारवायची आणि मोरी तुंबलेलीच ठेवायची, असं काम आमच्याकडे सासूने चालू दिलं नसतं.

काठ सुधारूच नये असं माझं म्हणणं नाही. माझ्या गुडघ्यांना सपाट वाट हवीच आहे. आणि वाटेमुळे माणसं नदीजवळ येतील, मग तिची काळजी घेतील, हा युक्तिवादही ऐकला आहे. फक्त आमची बाग त्याच्या विरुद्ध साक्ष देते. दीडशेहून जास्त वर्षं माणसं या काठावर येऊन बसतात. त्यांच्या बसण्याने पाणी स्वच्छ झालेलं नाही. पुलावर उंच जाळ्या लावल्या आहेत, तरी गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी जाळीवरून भिरकावणारे भाविक मी पाहते. त्यातले काही नंतर बागेत चालायलाही येतात. नदीजवळ येणं एक आणि नदीत काय आहे ते कळणं वेगळं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. बागेच्या फाटकाशी एक फलक लावा. त्यावर दोन आकडे असू देत. पहिला, आजचा बंडगार्डनचा विसर्ग. तो जलसंपदा खात्याकडे असतोच. पावसाळ्यात रोज पेपरात येतो, सोलापूरकर रोज वाचतो, फक्त जिथे मोजतात तिथल्या माणसाला तो माहीत नसतो. दुसरा आकडा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा. नदीत आंघोळ करायची तर लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं आपलंच सरकारी मानक आहे. ते '५' फलकावर रंगाने कायमचं लिहा आणि शेजारी मोजून आलेला आकडा खडूने. प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे नमुने घेतं, तपासतं. ते तक्ते संकेतस्थळावर आहेत हे मला ठाऊक आहे. माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या एकाही बाईने ते संकेतस्थळ उघडलेलं नाही, आणि उघडावं अशी अपेक्षा करणं म्हणजे न सांगण्याचाच एक प्रकार आहे.

हवेसाठी हे पुण्याने केलेलं आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर'ने शहरात हवेच्या गुणवत्तेचे झळकणारे फलक लावले. लोक सिग्नलला थांबले की ते वाचतात. हवेला आकडा मिळाला तशी हवेबद्दल तक्रार करायला भाषा मिळाली. "आज धूर फार आहे" म्हणणारे आता "आज दोनशेच्या वर गेलं" म्हणतात, आणि आकडा घेऊन गेलेल्या माणसाला साहेबांना टाळता येत नाही. पाण्याबद्दल आम्ही अजून "वास येतोय हो" एवढंच म्हणतो.

पहिल्या आकड्याचा तर तातडीचा उपयोग आहे. खडकवासल्यातून जोराचा विसर्ग सुरू झाला की ताडीवाला रोडवरच्या नदीकाठच्या घरांत पाणी शिरतं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरी पहाटे पाण्यात गेली. लोकांना वेळेत कळलं की नाही यावर मग बरेच दिवस वाद चालला. पेपरातला आकडा कालचा असतो, मोबाइलवरचा निरोप खरा की कुणीतरी पुढे ढकललेला ते कळत नाही. सकाळी कामाला जाताना रोज जो फलक दिसतो त्यावरचा आकडा चढतोय की उतरतोय, हे चौथी शिकलेल्या माणसालाही समजतं. आण्णा चौथीच शिकले होते. फक्त आकड्यांवरून, कुठल्याही वेधशाळेला न विचारता, पाणी आमच्या बांधाला कधी लागेल ते ते सांगायचे आणि मोटारी वर काढून घ्यायचे.

मी हे एका ओळखीच्या निवृत्त अभियंत्यांना बोलून दाखवलं. ते सज्जन गृहस्थ आहेत, रोज बागेत भेटतात. म्हणाले, "बाई, विसर्गाचं ठीक आहे. पण प्राणवायूचा आकडा लावू नका. उन्हाळ्यात तो इतका खाली जाईल की लोक बागेत यायचे बंद होतील. कोट्यवधी खर्चून केलेल्या काठावर मग फिरणार कोण?" होतील थोडे लोक कमी. त्यांना एम्प्रेस गार्डन आहे, सारसबाग आहे. करमाळ्याच्या माणसाने तोच आकडा वाचून कुठल्या बागेत जायचं, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.