सोबत करणाऱ्या बाईचाही रक्तदाब बघा

वैजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले जोडपे बरीच वर्षे माझ्याकडे येते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकीकत सांगतो. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा बायकोने आपली एक किडनी दिली. पुण्याला शस्त्रक्रिया झाली, किडनी उत्तम चालली, गडी पुन्हा शेतात जाऊ लागला. मागच्या वर्षी त्याच्या मानेत गाठ आली, बारीक ताप राहू लागला, वजन उतरले. गावाने टीबी ठरवला. खरे सांगायचे तर मलाही आधी तेच वाटले. गाठीचा तुकडा तपासल्यावर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला.

बाईंचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टरसाहेब, माझ्याच किडनीतून गेला का हो हा रोग?”

देणाऱ्याचा कॅन्सर अवयवातून जाणे फार क्वचित घडते, आणि इतक्या वर्षांनी निघालेल्या लिम्फोमाचे कारण बहुधा तिथे नसते. कारण असते ते गोळ्यांत. आपले शरीर परका अवयव स्वीकारत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे किडनी चालते तोवर घ्यावी लागतात. पण हीच प्रतिकारशक्ती बिघडलेल्या पेशींवर आणि अंगात निपचित पडलेल्या विषाणूंवर पहारा ठेवत असते. पहारा ढिला झाला की लिम्फोमा, त्वचेचा, ओठाचा असे काही कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आढळतात. माजी अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर मे २०१८ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये किडनी प्रत्यारोपण झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या उपचारासाठी ते अमेरिकेला गेले. त्यांचा कॅन्सर गोळ्यांमुळे झाला असे मी म्हणत नाही. ही दोन दुखणी एकाच माणसाला येऊ शकतात, एवढेच त्यावरून दिसते.

अशा लिम्फोमात पहिली पायरी बहुधा तीच औषधे कमी करण्याची असते. औषध कमी केले की किडनी नाकारली जाण्याचा धोका वाढतो. म्हणजे नवरा वाचवायचा तर बाईंनी दिलेलीच किडनी पणाला लावायची. हे मी त्यांना समजावून सांगितले. बाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारले, “गेलीच किडनी, तर डायलिसिस आठवड्यातून किती वेळा लागेल?”

किडनीचे डॉक्टर पुण्याला, केमोथेरपी छत्रपती संभाजीनगरला, आणि ताप-खोकल्याला मी. तिघांचे बोलणे जोडणारी एकच गोष्ट, बाईंची शाळेची दोनशे पानी वही. सातवी शिकलेल्या बाईंनी तीत रोजचा ताप, क्रिएटिनिन, गोळ्यांच्या वेळा सगळे लिहिले आहे. एकदा रुग्णाचा घसा धरला म्हणून मी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. बाई म्हणाल्या, “ही त्यांच्या टॅक्रोलिमसला चालते का? पुण्याला विचारून घेऊ?” चालत नव्हती. तिने रक्तातले टॅक्रोलिमस वाढते आणि किडनीला इजा होते. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर चिठ्ठी मुकाट्याने खोडावी लागली, आणि ते बरेच झाले.

अशा घरांत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि कोणी आणून दिलेली चूर्णे परस्पर देऊ नयेत. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नये. केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्री असले तरी रुग्णालय गाठावे.

आणखी एक ताप म्हणजे भेटायला येणारी मंडळी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या माणसाच्या उशाशी आठ-दहा जण खोकत बसतात, आणि सगळ्यांचा चहा तीच बाई करते. सासरच्या माणसांना ‘येऊ नका’ म्हणणे तिला कसे जमावे? शेवटी मी माझ्या लेटरहेडवर ‘बाहेरूनच विचारपूस करावी’ असे लिहून, सही-शिक्का मारून दिले आणि दारावर चिकटवायला सांगितले. डॉक्टर वाईट ठरला, घरात शांतता झाली.

पण माझे खरे म्हणणे वेगळे आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात जी प्रत्यारोपणे झाली, त्यांत अवयव मिळालेल्या दर पाच जणांत चार पुरुष होते. घरातून अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त, आणि पुढची सेवाही त्याच करतात. किडनी दिलेल्या माणसाने वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन तपासावे, हे शस्त्रक्रियेच्या वेळी सांगितलेले असते. या बाईंनी चार वर्षे काहीच तपासले नव्हते. मीही विचारले नव्हते. रुग्णाची फाईल बघताना स्टुलाशेजारी उभ्या असलेल्या बाईकडे माझे लक्षच नसे. एके दिवशी त्यांना चक्कर आली म्हणून पट्टा बांधला, तर रक्तदाब १६०/१००.

त्याच संध्याकाळी दिराला आणि मुलाला बोलावून घेतले. शहराच्या फेऱ्या आळीपाळीने करायच्या, रात्रीचे जागरण वाटून घ्यायचे, असे ठरवून दिले. दीर म्हणाला, “वहिनीशिवाय त्याचं कोणाला जमत नाही.” मी म्हटले, वही आहे, वाचता येते ना?

केमोथेरपीच्या चार फेऱ्या झाल्या आहेत, गाठ बरीच उतरली आहे. क्रिएटिनिन थोडे वाढलेले आहे. पुढे काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. बाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. परवा दोघे आले तेव्हा नवरा स्टुलावर बसेना. म्हणाला, “आधी हिचा बघा.”